सुवाह्य चित्रमुद्रण-यंत्रांतील तारजोडणी : स्वरूप, अर्थ व परीक्षणाची पद्धती

कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य साठवून ठेवण्यासाठी आज वेगळ्या यंत्राची आवश्यकता भासत नाही. चुंबकीय फीतही व्यवहारातून बहुतांशी नाहीशी झाली आहे. परंतु १९६७ पासून पुढे सुमारे दीड तप सुवाह्य चित्रमुद्रणाची सामग्री म्हणजे दोन स्वतंत्र उपकरणे असत. एक हातात धरावयाचा कॅमेरा व दुसरे खांद्याला अडकवावयाचे मुद्रणयंत्र. ह्या दोहोंना एक बहुतारी केबल जोडीत असे व तिच्या टोकास दहा, चौदा किंवा त्याहूनही अधिक पिनांचा प्लग असे. त्या काळातील सामग्री पुन्हा चालू करावयाची झाल्यास अभ्यासकाची पहिली गाठ पडते ती ह्या प्लगाशी. कोणत्या पिनेवर काय आहे हे सांगणारी पुस्तिका पुष्कळदा हरवलेली असते; केबल तुटलेली असते किंवा दुसऱ्याच एखाद्या यंत्राची असते. अशा वेळी पिनांचा अर्थ कसा लावावा, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

हा विषय केवळ यंत्रांच्या हौशी संग्राहकांपुरता मर्यादित आहे असे समजण्याचे कारण नाही. १९६९ साली कॅनडातील माँट्रियल शहराच्या सेंट-जॅक ह्या वस्तीत तेथील नागरिकांच्या समितीने अर्धा इंच रुंदीच्या फितीवर आपल्या शेजाऱ्यांच्या मुलाखती मुद्रित केल्या. १९७२ साली अमेरिकेतील टॉप व्हॅल्यू टेलिव्हिजन ह्या गटाने दोन्ही मोठ्या राजकीय पक्षांच्या मायामी बीच येथील अधिवेशनांचे चित्रण अशाच सामग्रीने केले. मोठ्या प्रक्षेपण-संस्थांच्या अवजड कॅमेऱ्यांना जे जग दिसले नाही, ते ह्या यंत्रांनी टिपले. अशा पुष्कळ फितींची दुसरी प्रत कधी निघालीच नाही. त्या वाचू शकणारी यंत्रे विरळ होत चालली आहेत, आणि एका पिनेवर चुकून पडलेला विद्युत् दाब असे एखादे यंत्र क्षणार्धात निकामी करू शकतो.

१. दोन पेट्यांची व्यवस्था

सोनी कंपनीचा डीव्ही-२४०० हा संच १९६७ साली बाजारात आला. त्याचे मुद्रणयंत्र केवळ मुद्रण करी; मुद्रित फीत पाहण्यासाठी ती दुसऱ्या यंत्रावर चढवावी लागे व फीत उलट गुंडाळण्याचे काम हाताने दांडा फिरवून करावे लागे. १९७० च्या सुमारास आलेल्या एव्ही-३४०० ह्या मुद्रणयंत्राने व एव्हीसी-३४०० ह्या त्याच्या कॅमेऱ्याने ही उणीव दूर केली. ह्या जोडीलाच पुढे सर्वत्र ‘पोर्टापॅक’ ह्या नावाने ओळखू लागले. तिच्यात जपानी इलेक्ट्रॉनिक्स उद्योगसंघाने निश्चित केलेली, ‘ईआयएजे-१’ ह्या नावाची, अर्ध्या इंचाच्या फितीची पद्धती वापरलेली होती. फितीचा वेग सेकंदास १९.०५ सेंटिमीटर असे; म्हणजे तीस मिनिटांच्या चित्रणास सुमारे ३४३ मीटर फीत लागे.

ह्या संचातील कॅमेऱ्याच्या नेत्रिकेत एक लहानशी चित्रनलिका बसविलेली होती. चित्रण करताना कॅमेऱ्यासमोरील दृश्य तिच्यावर दिसे व नंतर तिच्यावरच मुद्रित दृश्य पुन्हा पाहता येई. तारजोडणीच्या दृष्टीने ही सोय फार महत्त्वाची आहे. चित्राचा संदेश कधी कॅमेऱ्याकडून मुद्रणयंत्राकडे, तर कधी मुद्रणयंत्राकडून कॅमेऱ्याकडे जावा लागतो, हे तिच्यावरून स्पष्ट होते. पुढे १९८३ साली सोनीचा बीटामूव्ही व १९८४ साली जेव्हीसीचा जीआर-सी१ हे एकसंध संच आले. कॅमेरा व मुद्रणयंत्र एकाच पेटीत आल्यामुळे ही केबल हळूहळू घरगुती वापरातून लोपली, आणि तिच्याविषयीचे व्यावहारिक ज्ञानही तिच्याबरोबर मागे पडले.

२. एका केबलमधील पाच कामे

कॅमेऱ्याच्या केबलमध्ये सामान्यतः पाच प्रकारच्या वाहकांचा समावेश असतो. त्यांची कामे समजली की पिनांची संख्या दहा असो वा चौदा, गोंधळ पुष्कळसा कमी होतो.

पहिले काम वीजपुरवठ्याचे. मुद्रणयंत्रातील घटमालेतून कॅमेऱ्यास बहुधा १२ व्होल्टचा एकदिश दाब पुरविला जातो. दुसरे काम चित्रसंदेशाचे. हा संदेश शिखरापासून तळापर्यंत १ व्होल्टचा असतो. त्यापैकी सुमारे ०.७ व्होल्ट चित्राच्या उजेड-अंधाराचे व ०.३ व्होल्ट समकालिक स्पंदांचे. प्रत्येक रेषा व प्रत्येक चित्रक्षेत्र कोठे सुरू होते, हे पाहणाऱ्या यंत्रास कळविणाऱ्या खुणा म्हणजे हे स्पंद होत. काही संचांत ते कॅमेऱ्यातच निर्माण होतात. काहींत ते बाहेरून पुरवावे लागतात व त्यांसाठी वेगळे वाहक असतात. तिसरे काम ध्वनीचे. मायक्रोफोनचा संदेश वर्धित केलेला नसेल तर तो जेमतेम एक मिलिव्होल्टच्या आसपास असतो. चौथे काम आज्ञेचे. कॅमेऱ्यावरील कळ दाबली असता मुद्रणयंत्राची फीत चालू अथवा बंद व्हावी, आणि चित्रसंदेशाची दिशा बदलावी, हे सांगणारे वाहक ह्या वर्गात मोडतात. पाचवे काम परतीच्या मार्गाचे, म्हणजे ज्यास व्यवहारात ‘अर्थ’ किंवा ‘ग्राउंड’ म्हणतात त्याचे.

नवख्या अभ्यासकास असे वाटणे स्वाभाविक आहे की, परतीचा मार्ग अखेर यंत्राच्या धातूच्या सांगाड्यासच मिळत असेल, तर त्यासाठी दोन-तीन पिना कशाला खर्च कराव्यात? ह्याचे उत्तर साध्या गणिताने देता येईल. कॅमेरा ०.५ अँपिअर प्रवाह घेत आहे व परतीच्या बारीक तारेचा रोध ०.२ ओहम आहे असे मानू. त्या तारेच्या दोन टोकांमध्ये ०.१ व्होल्ट, म्हणजे १०० मिलिव्होल्ट, इतका दाब निर्माण होईल. कॅमेऱ्याने घेतलेला प्रवाह अगदी स्थिर नसतो. इलेक्ट्रॉन-शलाका पडद्यावर डावीकडून उजवीकडे व वरून खाली फिरविणाऱ्या मंडलांबरोबर तो सतत थोडा कमीअधिक होत असतो. हा फरक केवळ एक-दशांश धरला तरी तो १० मिलिव्होल्ट, म्हणजे मायक्रोफोनच्या संदेशाच्या दसपट होतो. ध्वनीचा परतीचा मार्गही तीच तार असेल, तर मुद्रित ध्वनीत बोलणाऱ्याच्या शब्दांपेक्षा यंत्राची गुणगुण अधिक ऐकू येईल. म्हणून वीज, चित्र आणि ध्वनी ह्यांचे परतीचे मार्ग केबलमध्ये वेगळे राखून ते यंत्रातील एका नियोजित ठिकाणीच एकत्र आणतात. केबल दुरुस्त करताना ‘सगळे अर्थ एकच’ असे समजून त्या पिना प्लगातच एकमेकींना जोडून टाकणे ही सर्वत्र आढळणारी चूक होय. तिने यंत्र जळत नाही, चित्रही दिसते. मात्र ध्वनी कायमचा बिघडलेला मुद्रित होतो.

३. आकारसाम्य व अर्थसाम्य

प्लग सॉकेटात बसतो, म्हणजे जोडणी बरोबर आहे, हा समज ह्या क्षेत्रात अत्यंत धोक्याचा आहे. प्लगाचा आकार हा त्याच्या निर्मात्याने ठरविलेला असतो. पिनांचा अर्थ मात्र यंत्राच्या निर्मात्याने ठरविलेला असतो. ह्या दोन गोष्टींचा परस्परांशी अनिवार्य संबंध नाही.

दहा पिनांची गोल जोडणी पोर्टापॅकमध्येही होती व १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या व्हीएचएस पद्धतीच्या अनेक सुवाह्य संचांतही होती. पिनांची संख्या सारखी आहे म्हणून एकाचा कॅमेरा दुसऱ्याच्या मुद्रणयंत्राशी मिळेल, असे गृहीत धरणे योग्य नव्हे. इतकेच नव्हे तर, एकाच पद्धतीच्या निरनिराळ्या कंपन्यांच्या संचांतही आज्ञेच्या वाहकाचा संकेत उलट असू शकतो. एका ठिकाणी त्या पिनेवर दाब असणे म्हणजे ‘चालू’, तर दुसऱ्या ठिकाणी ती पिन परतीच्या मार्गास टेकविणे म्हणजे ‘चालू’. असा कॅमेरा जोडला असता सर्व काही सुरळीत दिसते. केवळ कळ दाबल्यावर फीत थांबते व सोडल्यावर चालू लागते. तसेच सोनीच्या घरगुती बीटामॅक्स संचांतही चौदा पिनांची जोडणी होती व तिच्याच व्यावसायिक यू-मॅटिक सुवाह्य संचांतही चौदा पिनांचीच होती. परंतु ह्या दोन जोडण्या एकच नव्हेत.

मुद्रणयंत्र व दर्शक-संच ह्यांच्या दरम्यान वापरली जाणारी आठ पिनांची चौकोनी जोडणी हे आणखी एक उद्बोधक उदाहरण होय. तिच्यातून चित्र व ध्वनी हे दोन्ही संदेश दोन्ही दिशांनी जातात, म्हणजे दूरचित्रवाणी-संचाकडून मुद्रणासाठी इकडे, व फीत दाखविण्यासाठी तिकडे. चुकीच्या तारजोडणीने दोन यंत्रांची निर्गमने समोरासमोर जोडली जाण्याचा संभव येथे असतो.

ह्या सर्वांहून वारंवार घडणारी चूक मात्र अगदी साधी आहे, आणि ती पिनांच्या क्रमांकांविषयीची आहे. प्लग समोरून पाहिला असता पिना ज्या क्रमाने दिसतात, त्याच्या उलट क्रमाने त्या मागून, म्हणजे डाख देण्याच्या बाजूने, दिसतात. सॉकेटाचेही तसेच. आकृती कोणत्या बाजूने काढली आहे ह्याचा उल्लेख नसेल, तर ती आरशातील प्रतिमेप्रमाणे वाचली जाते आणि वीजपुरवठ्याची पिन भलत्याच जागी येते. पुष्कळ प्लगांच्या निरोधक चकतीवर बारीक अक्षरांत क्रमांक कोरलेले असतात. भिंगातून ते पाहून घेतल्याखेरीज कोणत्याही आकृतीवर विसंबू नये.

४. परीक्षणाचा क्रम

अज्ञात जोडणीचा अर्थ लावताना पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. विजेशिवाय जे कळू शकते ते सर्व आधी जाणून घ्यावे आणि वीज सर्वांत शेवटी द्यावी, हे त्यामागील सूत्र.

(अ) पाहणी. केबलचे आवरण उघडून आतील तारा पाहाव्यात. जाड, साध्या तारा बहुधा विजेच्या असतात. मध्यभागी वाहक, त्याभोवती निरोधक व त्याभोवती विणलेली तांब्याची जाळी अशी समाक्ष तार चित्रसंदेशाची असते. तिच्याहून बारीक, जाळीदार तार ध्वनीची असण्याचा संभव अधिक. उरलेल्या बारीक, साध्या तारा आज्ञेच्या असतात. रंगांवर मात्र भरवसा ठेवू नये. तांबडी तार धनच असेल असा नियम नाही.

(आ) परतीच्या मार्गाचा शोध. घटमाला काढून मल्टिमीटरने प्रत्येक पिन व यंत्राचा सांगाडा ह्यांमधील रोध मोजावा. जेथे तो जवळजवळ शून्य येईल त्या पिना परतीच्या मार्गाच्या होत. मीटर शक्यतो अल्प दाबाने मोजणारा असावा. काही जुन्या काटेरी मीटरांतील घटमालेचा दाब ट्रान्झिस्टरांच्या नाजूक संधींना सोसत नाही.

(इ) वीजपुरवठ्याच्या पिनेचा शोध. मुद्रणयंत्राचे झाकण काढून घटमालेच्या धनाग्रापासून वितळतार व मुख्य कळ ह्यांतून जाणारी तार कोणत्या पिनेपर्यंत पोहोचते ते प्रत्यक्ष शोधावे. कॅमेऱ्याच्या बाजूने एक पडताळा घेता येतो. विजेच्या पिनेच्या आत मोठे धारित्र असल्यास रोधाचा अंक प्रथम अल्प येतो व धारित्र भारित होत जाईल तसा वाढत जातो. व्यावसायिक सामग्रीत चार पिनांची एक्सएलआर जोडणी असेल तर संकेत ठरलेला आहे : पहिल्या पिनेवर ऋण व चौथ्या पिनेवर धन. तरीही तो मोजून घ्यावा, कारण मधल्या पन्नास वर्षांत कोणी काय दुरुस्ती केली आहे हे बाहेरून दिसत नाही.

(ई) चित्रसंदेशाची पिन. घेणाऱ्या बाजूस ह्या पिनेपासून परतीच्या मार्गापर्यंत ७५ ओहमचा रोधक असतो. मधे धारित्र नसल्यास तो मीटरवर दिसतो. धारित्र असल्यास मीटर मार्ग खंडित दाखवितो. त्यावरून पिन निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढू नये. आतील मंडलापर्यंत तार शोधीत जावे.

(उ) आज्ञेचे वाहक. सर्व पिनांमध्ये ह्याच सर्वांत संदिग्ध. कॅमेऱ्यावरील कळ साधी यांत्रिक असेल तर ती दाबून कोणत्या दोन पिनांमधील रोध बदलतो हे मीटरने कळते. कळ इलेक्ट्रॉनिक मंडलातून काम करीत असेल तर ही रीत लागू पडत नाही. मग यंत्रास वीज दिल्यानंतर त्या पिनेवर स्थिर दाब किती आहे ते पाहावे व ती पिन १०,००० ओहमच्या रोधकातून परतीच्या मार्गास किंवा धन दाबास टेकवून पाहावी. १२ व्होल्टच्या दाबाखाली ह्या रोधकातून १.२ मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह जाऊ शकत नाही. त्यामुळे कयास चुकला तरी हानी होण्याचा संभव फार थोडा. नुसत्या तारेने पिना जोडून पाहणे सर्वथा वर्ज्य.

(ऊ) वीज देणे. प्रथम इलेक्ट्रोलिटिक धारित्रे तपासावीत. इतक्या वर्षांत त्यांतील द्रव गळून तांब्याचे पट्टे खाल्ले गेलेले असतात. नंतर प्रवाहावर मर्यादा घालता येईल अशा पुरवठा-यंत्राने, कॅमेरा न जोडता, प्रथम केवळ मुद्रणयंत्र चालवावे. कॅमेऱ्याच्या सॉकेटावरील प्रत्येक पिनेचा दाब टिपून घ्यावा. आणि तो कागदावरील कयासाशी जुळल्यावरच कॅमेरा जोडावा. कॅमेऱ्याच्या पेटीत १२ व्होल्टपासून निर्माण केलेले शेकडो व्होल्टचे, व नेत्रिकेच्या चित्रनलिकेसाठी त्याहूनही पुष्कळ अधिक असे दाब असतात. वीज बंद केल्यावरही ते काही काळ टिकून राहतात. झाकण उघडून हात घालण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

५. जोडणी बरोबर, तरी चित्र नाही

सर्व तारा योग्य जागी असूनही चित्र नीट न दिसण्याची दोन कारणे विशेष उल्लेखनीय आहेत.

पहिले कारण ७५ ओहमच्या अंत्य रोधकाचे. चित्रसंदेश देणाऱ्या मंडलाचा स्वतःचा रोध ७५ ओहम असतो व घेणाऱ्या टोकासही नेमका तितकाच रोध असावा लागतो. तो मुळीच नसेल तर १ व्होल्टचा संदेश २ व्होल्टचा होतो. चित्राचे उजळ भाग फटफटीत पांढरे होतात. दोन यंत्रे एकाच तारेवर जोडली व दोहोंतही रोधक राहिला, तर संदेश सुमारे ०.६७ व्होल्टवर येतो. चित्र मळकट दिसते व समकालिक स्पंद दुबळे झाल्यामुळे ते सरकू लागते. दोष फितीचा वा नलिकेचा आहे असे समजून यंत्र खोलण्यापूर्वी हा रोधक पाहावा.

दुसरे कारण दूरचित्रवाणीच्या मानकांतील भेदाचे. अमेरिका व जपान ह्या देशांत चित्र ५२५ रेषांचे व सेकंदास ६० क्षेत्रांचे असे. युरोपातील बहुतेक देशांत, तसेच भारतात, ते ६२५ रेषांचे व ५० क्षेत्रांचे. कृष्णधवल चित्रात पहिल्या पद्धतीची रेषा-कंप्रता सेकंदास १५,७५० व दुसरीची १५,६२५ असते. हा फरक शेकड्यास एकाहूनही कमी असल्याने दर्शक-संचावर भिन्न पद्धतीचे चित्रही ओळखू येण्याइतपत दिसू शकते, आणि अभ्यासकाची दिशाभूल होते. मात्र दोन शीर्षांच्या मुद्रणयंत्रातील ढोल पहिल्या पद्धतीत सेकंदास ३० व दुसरीत २५ फेरे घेतो; हा फरक यंत्रास भरून काढता येत नाही. कॅमेरा एका पद्धतीचा व मुद्रणयंत्र दुसऱ्या पद्धतीचे असेल तर कितीही काळजीपूर्वक डाख दिलेली केबल त्यांचा मेळ घालू शकणार नाही.

त्याचप्रमाणे, डीव्ही-२४०० वर मुद्रित केलेली फीत ईआयएजे पद्धतीच्या यंत्रावर चालत नाही, जरी दोन्ही फिती अर्धा इंच रुंदीच्याच असतात. सोनीच्या त्या जुन्या पद्धतीत एक क्षेत्र वगळून दुसरे मुद्रित होई व दाखविताना तेच दोनदा दाखविले जाई. रुंदीचे साम्य हेही, प्लगाच्या आकाराप्रमाणेच, अर्थाचे साम्य नव्हे.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून एक गोष्ट ध्यानात येईल. जोडणीतील प्रत्येक पिन हा दोन यंत्रांमधील एक करार आहे. करार लिहून ठेवणारी पुस्तिका नष्ट झाली तरी त्याची साक्ष तारांच्या जाडीत, मंडलाच्या रचनेत आणि रोधाच्या अंकांत शिल्लक असते. ती साक्ष घाई न करता वाचता येते, आणि ती वाचण्यासाठी लागणारी साधने साध्या प्रयोगशाळेतही उपलब्ध असतात.

ह्यातूनच अभ्यासकावर एक कर्तव्यही येते. एकदा जोडणीचा उलगडा झाला की यंत्राचे नाव व क्रमांक, पिनांची आकृती, ती कोणत्या बाजूने पाहून काढली आहे ह्याचा स्पष्ट उल्लेख, प्रत्येक पिनेचा मोजलेला रोध व दाब, आणि कोणती गोष्ट प्रत्यक्ष मोजली व कोणती केवळ अनुमानाने ठरविली ह्यांची नोंद करून ती यंत्राच्याच पेटीत ठेवावी व तिची एक प्रत अन्यत्र जतन करावी. मोजलेले आणि अनुमानिलेले ह्यांतील भेद नोंदीत राखला नाही, तर आजचा कयास उद्या प्रमाण मानला जाईल व त्यावर विसंबून कोणी तरी वीज देईल. फितीवरील चुंबकीय द्रव्य वर्षागणिक झिजत आहे. ती वाचण्याची संधी कित्येकदा एकदाच मिळते. त्या एका संधीच्या वेळी केबल बरोबर असावी, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप.